ई-सिम घेतलं तरी कॉल का लागत नाही? परदेशी निघण्याआधी या चुका टाळा

पोरगं शिकायला जर्मनीला निघालं की नागपुरात धरमपेठ असो वा मानेवाडा, घरात एक वाद ठरलेला: प्रवासाचं ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घ्यायचं, की जित्सीसारखं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं, व्हिडिओ कॉलचं साधन पुरेल? या दोन गोष्टींना एकमेकींसमोर उभं करणं हीच मोठी चूक. नंबर, डेटा आणि कॉल, तिन्ही वेगळे. प्रवासाची बहुतेक ई-सिम फक्त डेटा देतात, जित्सी फक्त कॉल देतं, आणि बँकेचा ओटीपी येतो तो तुमच्या जुन्या भारतीय नंबरवरच.

म्हणून भारतीय सिम बंद करू नका. ती लाइन चालू ठेवायची, तिचं डेटा रोमिंग बंद करायचं आणि मोबाइल डेटासाठी प्रवासाचं ई-सिम निवडायचं. हे सेटिंग उलटं राहिलं तर बिल बघून डोळे पांढरे होतील. मात्र ओटीपी यायला भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू आहे ना, हे इथे असतानाच बघा.

आदल्या रात्रीची घाई

साधं सिम ई-सिममध्ये बदलण्याचं काम लोक नेमकं विमानाच्या आदल्या दिवशी काढतात. सिम बदललं की सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद राहतात. म्हणजे ओटीपी नाही, नव्या फोनवर यूपीआयची नोंदणीही नाही, कारण तिला तुमच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. जुलै २०२४पासून सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर पोर्टही करता येत नाही. आठवडाभर हातात ठेवूनच हे काम करा.

फोन ई-सिम घेतो का, हे *#०६# डायल करून कळतं: यादीत ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसायला हवा. ई-सिम चालू करायचा क्यूआर कोड ज्या फोनवर आला त्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करायची धडपड व्यर्थ. तो दुसऱ्या स्क्रीनवर उघडा किंवा कागदावर छापा. आणि ई-सिम 'अडकलं' म्हणून डिलीट करून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका. बहुतेक कोड एकदाच चालतात. आधी विमान मोड चालू-बंद करा, मग एपीएन (फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारं सेटिंग) तपासा आणि ई-सिमच्या लाइनचं डेटा रोमिंग चालू आहे का ते बघा.

'कस्टमर केअर'मधून फोन आला आणि अमुक एसएमएस पुढे पाठवा म्हणाला, तर फोन ठेवा. तुमचा नंबर दुसऱ्याच्या फोनमधल्या ई-सिमवर नेण्याची ही चालू फसवणूक आहे.

आता कॉलकडे

जित्सीला फोन नंबर लागत नाही. सिग्नल या कॉल-मेसेजच्या ॲपला लागतो, आणि नोंदणीचा कोड त्याच नंबरवर येतो. म्हणून सिग्नल नागपुरातच सुरू करून ठेवा, परदेशात पोचल्यावर नव्हे.

जित्सीच्या सार्वजनिक सर्व्हरवर ऑगस्ट २०२३पासून खोली (म्हणजे कॉलची बैठक) सुरू करणाऱ्याला लॉगिन करावं लागतं. बाकीच्यांना गरज नाही. आई-बाबांनी लिंक आधी उघडली की मॉडरेटरची, म्हणजे खोली सुरू करणाऱ्याची, वाट बघत बसावं लागतं, आणि त्यांना वाटतं नेट गेलं. ज्याचं खातं आहे त्याने आधी शिरायचं, एवढाच उपाय. खोलीला 'आजी' किंवा 'नागपूर' असं नाव देऊ नका, ते कोणालाही सुचेल. लांब नाव, पासवर्ड आणि लॉबी (आत घेईपर्यंत बाहेर थांबवणारी सोय) ठेवा.

ज्यांनी स्वतःचा जित्सी सर्व्हर उभारलाय त्यांची एक तक्रार ठरलेली: दोघं असताना कॉल झकास, काका तिसरे आले की चित्र काळं, आवाज गायब. लोक काकांच्या फोनला दोष देतात, बिचारे! खरं कारण असं की दोघांत कॉल शक्यतो थेट फोन ते फोन जातो, तिसरा आला की सगळं व्हिडिओब्रिजवरून, म्हणजे सर्व्हरवर सगळ्यांचा व्हिडिओ एकमेकांना पोचवणाऱ्या भागावरून, फिरतं. तिथे यूडीपी पोर्ट १०००० (व्हिडिओ-आवाज ये-जा करण्याचं सर्व्हरचं दार) बंद असेल, किंवा ब्रिज बाहेर आपला खासगी आयपी (फक्त घरच्या नेटवर्कमध्ये चालणारा पत्ता) सांगत असेल, तर नेमकं हेच होतं. फायरवॉलमध्ये (सर्व्हरच्या सुरक्षा-गाळणीत) ते पोर्ट उघडा आणि ब्रिजला सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, सांगा. घरच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवला असेल तर आधी आपल्याला सार्वजनिक आयपी मिळतो का ते विचारा. कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवलं असेल तर पोर्ट उघडूनही फायदा नाही. सर्व्हरच्या पत्त्याला एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) नसेल तर ब्राउझर कॅमेरा-माइक देणारच नाही.

बिगब्लूबटन हे असंच दुसरं ओपन सोर्स साधन शिकवणी वर्गांसाठी उत्तम आहे, पण त्याला ८ कोर आणि १६ जीबी मेमरीचा सर्व्हर लागतो. घरच्या गप्पांसाठी कशाला एवढा खटाटोप?

ओपन सोर्स म्हणजे आपोआप गुप्त, हाही गैरसमज. जित्सीच्या गटकॉलमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मधल्या सर्व्हरलाही कॉल कळू न देणारं कुलूप) वेगळं चालू करावं लागतं. सिग्नलमध्ये ते कायम असतं. माझं मत विचाराल तर घरच्यांसाठी सिग्नल, लिंकवरून कोणालाही बोलवायचं असेल तर जित्सी.

डेटाचा हिशेब मात्र कोणी करत नाही. २.५ एमबीपीएसने एका दिशेचा व्हिडिओ तासाला १.१ जीबीच्या आसपास खातो. ५ जीबीचं पॅक असेल तर जित्सीत व्हिडिओची गुणवत्ता खाली आणा, नाहीतर वसतिगृहाचं वायफाय गाठा.

नागपूरहून थेट शारजाला जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. यूएईत इंटरनेट कॉलवर निर्बंध आहेत आणि व्हॉट्सॲप कॉलही तिथे अडतो. परवानगी असलेल्या ॲपची यादी आधी बघून तेच ॲप आई-बाबांच्या फोनमध्ये टाकून द्या, आणि निघण्यापूर्वी तीन फोनवर, एक वायफायवर आणि दोन मोबाइल डेटावर ठेवून, कॉल लावून बघा.