मुंबईच्या बाल्कनीत भाजी लावताय? मग या चुका टाळा

दर जूनला हाच प्रकार. पहिला पाऊस पडला की सगळ्यांना झाडं लावायची हुक्की येते, नर्सरीतून टोमॅटोची रोपं येतात, ऑगस्टपर्यंत ती काळी पडून सडतात आणि मग "आमचा हातच लाभत नाही झाडांना" म्हणून रिकाम्या कुंड्या टेरेसवर जाऊन पडतात. हाताचा काही संबंध नसतो हो. कॅलेंडर चुकलेलं असतं नाहीतर ऊन चुकलेलं असतं, आणि यूट्यूबवर ज्याचं बघून आपण लावलं तो बसलेला असतो नाशिकला किंवा दिल्लीला, आपण बसलोय समुद्राकाठच्या दमट हवेत तिसऱ्या मजल्यावर.

ऊन न मोजता कुंडी आणणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. "आमच्याकडे भरपूर ऊन येतं" हे कधी बघितलं? डिसेंबरात? मुंबई साधारण 19 अंश उत्तरेला आहे आणि जूनमध्ये सूर्य साडेतेवीस अंशापर्यंत वर सरकतो, म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो. मे महिन्यात तो शून्य सावलीचा दिवस पेपरात येतो ना, त्यामागे हाच हिशोब. याचा अर्थ दक्षिणेच्या ज्या बाल्कनीत थंडीत ऊन पार सोफ्यापर्यंत येतं, तिथेच मे-जूनमध्ये वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं ऊन अडवतो आणि झाडं उंच, बारीक, पिवळट होत ग्रिलच्या बाहेर वाकायला लागतात. लोक म्हणतात खत कमी पडलं. खत नाही, ऊन कमी पडलं.

उलटं उत्तरेच्या खिडकीत पावसाळ्याच्या आधी थोडं ऊन दिसतं आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी काहीच नाही, तिथे थंडीत टोमॅटो लावण्यात अर्थ नाही. फळभाजीला निदान पाच-सहा तास थेट ऊन पाहिजे, पालेभाजी तीन-चार तासांत भागवते, आणि त्याहून कमी असेल तर सरळ अळू, पुदिना, पानओवा लावा आणि सुखी राहा. समोरची चाळ पाडून टॉवर उभा राहतोय का तेही बघून घ्या, उपरोधाने नाही म्हणत, खरंच बघा.

जूनमध्ये टोमॅटो, मेमध्ये कोथिंबीर

टोमॅटोला फळ धरायला रात्र गार लागते, 15 ते 20 अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. रात्रीचं तापमान पंचविशीच्या वर राहिलं की फुलं येतात, छान दिसतात आणि देठापासून गळून पडतात. आपल्याकडे 20 च्या खालच्या रात्री मिळतात त्या डिसेंबर ते फेब्रुवारीत, म्हणून बी टाकायचं सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरात आणि रोप मोठ्या कुंडीत हलवायचं नोव्हेंबरात. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा सगळं याच सीझनचं. कोथिंबीर मे महिन्यात लावली तर वीतभर व्हायच्या आधीच फुलावर जाते, आणि धणे अख्खे टाकू नका, हलके रगडून दोन फाका करून टाका, मग आठ-दहा दिवस वाट बघा, रोज उकरून बघू नका.

मग पावसाळ्यात काय? भेंडी, काकडी, दोडका, पडवळ, चवळी, लाल माठ, अंबाडी, अळू. हळद मे-जूनमध्ये लावा, जानेवारी-फेब्रुवारीत काढा. आपला खरा सीझन दसऱ्यानंतर सुरू होतो पण उत्साह जूनमध्येच येतो, काय करणार.

पाणी

पानं मलूल दिसली की तांब्या घेऊन धावायचं, ही सवय सोडा. आधी बोट दोन पेरं मातीत घाला. माती ओली आणि तरी पानं झुकलेली असतील तर मुळं गुदमरतायत किंवा सडतायत, आणखी पाणी म्हणजे उरलासुरला जीव पण जाणार. जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक दिवस पाणी घालायची गरजच नसते, तेव्हा कुंडीखालची ताटली काढून ठेवा, डासांचा पण प्रश्न मिटतो. त्यानंतर येते ती ऑक्टोबर हीट, तेव्हा नेमकं उलटं, पावसाच्या सवयीत पाणी विसरलं जातं आणि कुंडी दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत. मातीवर सुकी पानं नाहीतर रसवंतीवाल्याकडचा उसाचा चोथा वाळवून पसरा, फुकट मिळतो आणि ओल धरतो.

टोमॅटोच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडतो तोही पाण्याचाच घोळ असतो बहुतेक वेळा. फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून तो डाग, बरोबर, पण कॅल्शियम पाण्यासोबत वर चढतं, आणि तुम्ही दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी बादली ओतली तर पोचणार कसं. अंड्याची टरफलं कुस्करून टाकली तरी ती विरघळायला महिनोन् महिने जातात, या सीझनच्या टोमॅटोला त्याचा उपयोग शून्य.

नुसती लाल माती

नर्सरीतली लाल माती पोत्यानं आणून तशीच कुंडीत भरली की चार पावसात तिची वीट होते, पाणी वर तुंबतं आणि कडेकडेने निघून जातं. एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एवढं साधं मिश्रण पुरतं. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीन पाण्यात धुवून पिळून घ्या, कारण त्यात क्षार असतात आणि पानांच्या कडा करपतात त्या त्यामुळेच. शेणखत कच्चं नको, गरम पडतं, शिवाय हुमणीची अळी येते आणि मुळं कुरतडते.

तळाला खडी-विटांचा थर द्यायची पद्धत घरोघरी आहे, माझं मत विचाराल तर जागा फुकट जाते. बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत तेव्हाच उतरतं जेव्हा माती पूर्ण भिजून जड झालेली असते, म्हणजे ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापर किंवा जाळीचा तुकडा बस झाला.

कुंडीचा आकार: पालेभाजीला सहा इंच खोली चालेल, मिरची-टोमॅटोला बारा इंची, वेलाला सोळा-अठरा. फक्त बारा इंची कुंडी ओली झाली की वीस-पंचवीस किलोच्या घरात जाते, गंजलेल्या ग्रिलवर अशा पाच ठेवायच्या आधी खालून माणसं चालतात हे आठवा.

फुलं भरपूर, फळ नाही

दुधी, दोडका, काकडी यांना नर फूल वेगळं, मादी वेगळं. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. सुरुवातीला बरेच दिवस फक्त नर फुलं येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मादी फुलं येऊन छोटी फळं पिवळी पडून गळत असतील तर परागीकरण होत नाहीये, सातव्या मजल्यावर मधमाशी येईलच असं नाही. नर फूल तोडून पाकळ्या काढून मादी फुलात हलकेच फिरवा. वेळ मात्र सांभाळा, काकडी-कारलं-भोपळ्याला सकाळी लवकर, दुधी आणि दोडक्याची फुलं उमलतात संध्याकाळी, तेव्हा सकाळी ब्रश घेऊन बसलात तर फुकटची मेहनत.

आणि वेल नुसता पानांनी माजलाय, फूलच नाही? युरिया किंवा नत्राचं खत जास्त झालंय, बंद करा. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) पण लिटरला एक-दोन ग्रॅम, चमचा भरून नाही.

कीड

मिरचीची पानं वर वाटीसारखी वळली तर फुलकिडे (थ्रिप्स), खाली उलट्या होडीसारखी वळली तर कोळी (माइट, जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे), असा ढोबळ अंदाज. दोन्ही डोळ्यांना नीट दिसत नाहीत म्हणून लोक "व्हायरस आलाय" म्हणून झाड उपटतात. आधी पानाच्या मागच्या बाजूला पाण्याचा फवारा मारून बघा, मग निमतेल, लिटरला पाच मिली, त्यात थोडा लिक्विड साबण, संध्याकाळी आणि आठवड्याने परत. दुपारी मारलं तर पानं भाजतात.

जास्वंदीवर पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, आणि मुंग्या बघा. मुंग्या पिठ्याचा गोड चिकटा खातात, बदल्यात त्याचा शत्रूंपासून बचाव करतात, त्यामुळे मुंग्या तशाच ठेवून नुसता पिठ्या पुसत बसलात तर तो परत येतोच. साखर-दुधाचा चहापत्तीचा चोथा न धुता कुंडीत टाकणाऱ्यांकडे मुंग्या जास्त असतात, उगाच नाही.

वांगं-टोमॅटो अचानक झुकलं तर

काल ताठ, आज हिरवंगार असतानाच लोळलं, माती ठीक, कीड नाही. अशा वेळी खोडाचा बुडाजवळचा तुकडा तिरका कापून पारदर्शक ग्लासातल्या पाण्यात उभा धरा. दोन-पाच मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधाळ धाग्यासारखं काही खाली उतरताना दिसलं तर जिवाणूजन्य मर आहे, कोकणपट्टीच्या उष्ण दमट हवेत हा रोग मुरलेला. औषध शोधत बसू नका, झाड मुळासकट काढून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही, आणि त्या मातीत मिरची, वांगं, टोमॅटो परत लावू नका, पालेभाजी किंवा चवळी घ्या. पुढच्या वेळी टोमॅटो घेताना या रोगाला तोंड देणारी जात मागा, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक त्यातलंच. कात्री वापरलीत ती पण स्पिरिटने पुसून मगच दुसऱ्या झाडाला लावा.