दीर्घकालीन आजारांच्या प्रतिबंधावर लोकसहभागी संशोधन कसे उभारावे

उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराच्या प्रतिबंधावर साधनांची चणचण असलेल्या आरोग्यव्यवस्थेत संशोधन करायचे असेल, तर सुरुवात प्रश्नावलीपासून करू नये. तपासणीत ज्यांचा रक्तदाब किंवा साखर वाढलेली आढळेल, त्यांना औषध कोण देणार, कोठून आणि किती काळ देणार, हे आधी ठरवावे. या प्रश्नाचे उत्तर हाती नसताना तपासणी सुरू करणे म्हणजे माणसाला आजाराचे नाव सांगून वाऱ्यावर सोडणे होय. म्हणून पहिली भेट जवळच्या सरकारी दवाखान्याच्या औषधभांडाराला द्यावी, तेथील साठा नोंदवही मागून घ्यावी आणि गेल्या बारा महिन्यांत रक्तदाबाचे व मधुमेहाचे प्रत्येक औषध किती दिवस शिल्लक नव्हते, हे दिवसागणिक मोजावे. पुढचा बराचसा आराखडा या मोजणीवरच अवलंबून राहील.

त्यानंतर साखळी नेमकी कोठे तुटते ते शोधावे. आजार असलेल्यांपैकी किती जणांना तो असल्याचे माहीत आहे, माहीत असलेल्यांपैकी किती जणांनी उपचार सुरू केले, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी किती जणांचा आजार आटोक्यात आहे, अशी उतरंड मांडली की सर्वांत मोठी गळती कोणत्या टप्प्यावर आहे ते स्पष्ट दिसते. निदान होऊनही उपचार मध्येच सुटत असतील, तर जनजागृतीच्या फलकांवर खर्च करण्यात अर्थ नाही. गळती कोठे आहे हे आकडे सांगतात. ती का आहे हे मात्र तेथे राहणारी माणसेच सांगू शकतात. यासाठी स्त्रियांच्या, रोजंदारीवर जाणाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या बैठका वेगवेगळ्या घ्याव्यात, कारण एकत्रित सभेत प्रतिष्ठित मंडळीच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. माझ्या मते सर्वांत मोलाची माहिती उपचार सोडून दिलेल्यांकडे असते. दवाखान्याची वेळ आणि कामाची वेळ एकच असणे, बरे वाटल्यावर गोळीची गरज संपली असे वाटणे, प्रत्येक खेपेला बुडणारी मजुरी, अशी कारणे त्यांच्याकडूनच कळतात.

लोकांची सल्लागार समिती नेमताना तिला प्रत्यक्ष अधिकार द्यावेत. आराखडा तयार झाल्यावर केवळ सही घेण्यासाठी बोलावलेली समिती हा लोकसहभाग नव्हे. कोणता प्रश्न वगळायचा, घरी कोणत्या वेळी जायचे, मिळालेली माहिती कोणाला दाखवायची नाही, हे ठरवण्याचा आणि गरज पडल्यास नकार देण्याचाही अधिकार तिला असावा.

उपाय निवडताना आधीच्या प्रयोगांचे निष्कर्ष बारकाईने वाचावेत. बांगलादेशातील फरीदपूर जिल्ह्यात ९६ गावांमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही गावांत लोकांचे गट दरमहा एकत्र बसून मधुमेहाची कारणे व उपाय स्वतः ठरवत होते, तर काही गावांत मोबाइलवर ध्वनिसंदेश पाठवले जात होते. गटबैठकांच्या गावांत मधुमेह व मधुमेहपूर्व स्थितीचे प्रमाण लक्षणीय कमी आढळले. संदेशांचा मात्र असा परिणाम दिसला नाही. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतील ३० ग्रामीण समुदायांत झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत व्यवस्थेत आधीपासून काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजला, समुपदेशन केले आणि गरजूंना प्रशिक्षित डॉक्टरांकडे पाठवले. दोन वर्षांत तेथील वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला, पण ज्या समुदायांत नेहमीचीच सेवा चालू होती तेथेही तो सुमारे ४ अंकांनी उतरला.

हे ४ अंक प्रत्येक संशोधकाने लक्षात ठेवावेत. पहिल्या तपासणीत ज्यांचा रक्तदाब जास्त निघाला अशाच लोकांची निवड केली, तर काहीही न करता पुढच्या खेपेला त्यांची सरासरी थोडी खाली येणे स्वाभाविक असते. केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढीच तुलना केली, तर ही नैसर्गिक घट आपल्या उपायाच्या खाती जमा होते. त्यामुळे तुलनेसाठी वेगळा गट हवाच. उपाय वस्तीपातळीवरचा असल्यास चिठ्ठी टाकून वाटणीही वस्त्यांची करावी, व्यक्तींची नव्हे, कारण शेजाऱ्यांमध्ये माहिती पसरतेच.

वस्त्यांची वाटणी केल्यास नमुन्याचा आकार वाढवावा लागतो, कारण एकाच वस्तीतील माणसे एकमेकांसारखी असतात. नमुना किती पट वाढवायचा हे काढण्यासाठी वस्तीतून घ्यायच्या व्यक्तींच्या संख्येतून एक वजा करावा, उरलेल्या संख्येला साम्यगुणांकाने, म्हणजे एका वस्तीतील माणसे एकमेकांसारखी किती आहेत हे दाखवणाऱ्या आकड्याने, गुणावे आणि त्यात एक मिळवावा. प्रत्येक वस्तीतून ५० व्यक्ती आणि साम्यगुणांक ०.०२ असेल, तर उत्तर १.९८ येते, म्हणजे साध्या हिशेबाने निघालेला नमुना जवळपास दुप्पट करावा लागेल. खर्च मर्यादित असताना एकेका वस्तीतील माणसे वाढवण्यापेक्षा वस्त्यांची संख्या वाढवणे बहुधा अधिक उपयोगी ठरते.

मोजमापाकडे झालेले दुर्लक्ष नंतर कोणत्याही संख्याशास्त्राने भरून निघत नाही. मोजण्यापूर्वी व्यक्तीला पाच मिनिटे शांत बसू द्यावे. पाठीला आधार, पावले जमिनीवर टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि या वेळात बोलणे नाही. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो, म्हणून किमान दोन मापांचे पट्टे सोबत असावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ या सर्वेक्षण पद्धतीप्रमाणे तीनदा मोजून शेवटच्या दोन मापांची सरासरी घ्यावी. दर आठवड्याला नोंदींचे शेवटचे अंक तपासावेत. एखाद्या कार्यकर्त्याच्या बहुतेक नोंदी शून्यावर संपत असतील, तर तो अंदाजाने लिहीत आहे असे समजून त्याला दोष देण्याऐवजी त्याच्यासोबत एक दिवस फिरावे. पुष्कळदा दिवसाला दिलेल्या घरांची संख्याच अवास्तव असल्याचे आढळते.

या कार्यकर्त्यांच्या श्रमाचा हिशेब खर्चपत्रकात स्वतंत्र मांडावा. माता-बालआरोग्य, लसीकरण आणि सर्वेक्षणे सांभाळणाऱ्या माणसावर आणखी एक काम बिनमोबदला लादून मिळवलेले यश संशोधन संपताच विरते, शिवाय ते अन्यायकारकही आहे.

संमतीपत्र लोकांच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावे, आणि भाग न घेतल्यास दवाखान्यातील नेहमीची सेवा थांबणार नाही हे त्यात स्पष्ट म्हणावे. तपासणीचा निकाल त्याच दिवशी लेखी द्यावा. रक्तदाब १८०/१२० किंवा त्याहून अधिक निघाला आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे असे काही असेल, तर पथकाने नोंदी बाजूला ठेवून त्या व्यक्तीला तातडीने रुग्णालयात पोहोचवावे. त्यासाठीचे वाहन व संपर्क पहिल्या दिवसापूर्वीच निश्चित असावेत.

निष्कर्ष नियतकालिकाकडे पाठवण्यापूर्वी वस्तीच्या बैठकीत मांडावेत आणि लोकांनी लावलेला अर्थ वेगळा असल्यास तोही अहवालात नोंदवावा. ही बैठक निधी संपण्याच्या किमान सहा महिने आधी घ्यावी. औषधांची मागणी कोण नोंदवणार, यंत्रांची दुरुस्ती कोण करणार, सोडून गेलेल्या कार्यकर्त्याच्या जागी येणाऱ्याला कोण शिकवणार, याचे लेखी उत्तर तिथे आरोग्य अधिकाऱ्यांकडून लोकांच्या समक्ष घ्यावे आणि त्याची प्रत सल्लागार समितीकडे ठेवावी.