गुंठा डोळ्यांनी कसा ओळखावा आणि कागदावर कसा वाचावा

घोडबंदर रोडला फ्लॅटचा भाव चौरस फुटावर ठरतो. सिडकोचा भूखंड चौरस मीटरमध्ये मिळतो. मुरबाड-शहापूरकडे जागा बघायला गेलं की एजंट गुंठ्याचा भाव सांगतो, आणि सातबारा हातात घेतला तर त्यावर गुंठा हा शब्दच सापडत नाही. तिथे असतात हेक्टर, आर आणि चौरस मीटर. या सगळ्यात फसायला होतं ते गणित कच्चं असल्यामुळे कमी आणि आकार डोळ्यांसमोर येत नसल्यामुळे जास्त. म्हणून आधी आकार बघू, कागद नंतर.

पहिली पायरी: ३३ फूट नजरेत बसवा

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस. क्षेत्रफळ १,०८९ चौरस फूट, म्हणजेच १२१ चौरस वार किंवा १०१.१७ चौरस मीटर. हा ३३ आकडा जुन्या मोजणीच्या साखळीतून आलेला आहे. ती साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे.

३३ फुटांचा अंदाज यायला क्रिकेटची खेळपट्टी सगळ्यांत सोयीची. स्टंप ते स्टंप अंतर २२ यार्ड, म्हणजे बरोबर ६६ फूट. त्याचं निम्मं ही गुंठ्याची एक बाजू. हा योगायोग नाही. इंग्रजी सर्वेक्षणाची साखळी ६६ फुटांची होती आणि खेळपट्टीची लांबीही तेवढीच. ४० गुंठ्यांचा एकर याच हिशेबात बसतो: एक खेळपट्टी रुंद आणि दहा खेळपट्ट्या लांब असा पट्टा घेतला की ४३,५६० चौरस फूट भरतात.

मैदान जवळ नसेल तर ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. लोकलचा एक डबा साधारण वीस-एकवीस मीटर लांब असतो, म्हणजे अर्धा डबा ही गुंठ्याची बाजू. चालून बघायचं तर नेहमीच्या अडीच फुटी पावलांनी तेरा पावलं. आपलं पाऊल किती फुटांचं पडतं हे मात्र आधी टेप लावून बघा. उंच माणसाची तेरा पावलं सहज ३६ फुटांवर जातात, आणि ३६ गुणिले ३६ केलं की एका गुंठ्यात दोनशे चौरस फूट फुकटचे वाढतात.

दुसरी पायरी: ओळखीच्या मैदानांशी पडताळा

सोसायटीतलं बॅडमिंटन कोर्ट, दुहेरीच्या बाहेरच्या रेषांपर्यंत, ४४ फूट बाय २० फूट असतं. क्षेत्रफळ ८८० चौरस फूट. गुंठा त्यापेक्षा साधारण पाव कोर्टाने मोठा. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर; तिथे गुंठा मैदानाच्या पाऊण भागाहून किंचित जास्त. एकरासाठी फुटबॉलचं मैदान बरं पडतं. आंतरराष्ट्रीय सामन्यांचं मैदान १०५ बाय ६८ मीटर असतं, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. एकर त्याच्या निम्म्याहून थोडा मोठा, तर हेक्टर म्हणजे जवळपास एक मैदान आणि वर दुसऱ्याचा दोन पंचमांश.

या तुलना फक्त नजरेसाठी आहेत. व्यवहारात त्यांचा उपयोग एवढाच, की कोणी मोकळी जागा दाखवून ‘हे पाच गुंठे’ म्हणालं तर ते शक्य तरी आहे का, हे जागच्या जागी कळतं.

तिसरी पायरी: सातबारावरचा आकडा आधी चौरस मीटरमध्ये आणा

सर्वाधिक चुका होतात त्या इथे. शेतजमिनीच्या सातबारावर क्षेत्र हे.आर.चौ.मी. असं असतं. ०.४१.७० याचा अर्थ शून्य हेक्टर, ४१ आर, ७० चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक हेक्टर म्हणजे १०० आर. तेव्हा हे झाले ४,१७० चौरस मीटर. त्याला १०१.१७ ने भागलं की ४१.२२ गुंठे.

बिनशेती जमिनीच्या नव्या नमुन्यातल्या सातबारावर एकक आर.चौ.मी. असतं, हेक्टरचा रकाना नसतो. तिथे २.५० दिसलं तर ते २५० चौरस मीटर, अडीच गुंठ्यांना जरा कमी. शेतीच्या सवयीने कोणी ते अडीच हेक्टर वाचलं तर शंभरपटीचा घोळ. म्हणून आकड्याआधी त्याच्या डोक्यावरचं एकक वाचा.

जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) आणि खरेदीखतं एकर-गुंठे-आण्यात आहेत. २-१५ असं लिहिलं असेल तर ते दोन एकर पंधरा गुंठे, म्हणजे ९५ गुंठे. त्याला २.१५ एकर समजून कॅल्क्युलेटरवर टाकलं तर ८६ गुंठे येतात आणि नऊ गुंठे हवेत विरतात. तिसरा आकडा असेल तर तो आणा: ०-३७-८ म्हणजे साडेसदतीस गुंठे. क्षेत्राचा एक आणा साधारण ६८ चौरस फुटांचा. मात्र नावापुढे ‘४ आणे हिस्सा’ असं लिहिलेलं असेल तर तो चार आणे जमिनीचा आकार नव्हे, एकूण जमिनीतला चौथा वाटा. दोन्हींत सोळा आणे असल्यामुळे वाटणीच्या वेळी यावर हमखास भांडणं होतात.

आणि बिघा? जुन्या सनदा-इनामपत्रांत तो भेटतो: २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर. पण काठीची लांबी सगळीकडे एक नव्हती, तेव्हा बिघ्याचं सरळ चौरस फुटांत रूपांतर करून व्यवहार करू नका.

आर म्हणजे गुंठा नव्हे

बोलताना दोन्ही सर्रास एकच धरले जातात. गुंठा आरपेक्षा जेमतेम सव्वा टक्क्याने मोठा, त्यामुळे एक-दोन गुंठ्यांत कोणाच्या लक्षात येत नाही. पण ४० आरला एकर म्हणून पैसे मोजलेत तर ४,०४६.८६ ऐवजी ४,००० चौरस मीटरच पदरात पडतात. तूट ५०४ चौरस फुटांची. ठाण्यात तेवढ्या जागेत एक संसार मावतो.

नवी मुंबईत जमीन संपादित झालेल्यांना सिडको त्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देते; त्या साडेबारा टक्क्यांचा हिशेबही गुंठ्यात चटकन समजतो. एक एकर संपादित झाला असेल तर साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा झाले की उरतात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे किंवा ३५४ चौरस मीटर. वाटपपत्रावरचा आकडा याच्याशी ताडून बघता येतो.

चौथी पायरी: जागेवर टेप लावा

तीस मीटरचा टेप, चार खुंट्या, सुतळी आणि दोन माणसं पुरतात. ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर. चार बाजू ३३ आल्या म्हणून चौरस झाला असं नाही. चौकट कलली असेल तर बाजू त्याच राहतात आणि जागा घटते. कर्ण मोजा. दोन्ही कर्ण ४६ फूट ८ इंच आले तरच गुंठा पूर्ण.

भूखंड चौरस असायलाच हवा असंही नाही. ३० फूट रुंदीला ३६.३ फूट खोली, २५ फुटाला ४३.५६, २० फुटाला ५४.४५: हे सगळे एकेक गुंठेच. पण २० फुटी पट्ट्यात दोन्ही बाजूंनी मोकळी जागा सोडल्यावर घर कितीसं उरणार, हे आधी कागदावर काढून बघा.

वाकड्यातिकड्या भातखाचराला समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायची पद्धत गावोगाव चालते. काटकोनी चौकोन सोडला तर ती नेहमी क्षेत्र जास्तच दाखवते, कधी कमी नाही. विकणाऱ्याला ती का आवडते हे वेगळं सांगायला नको. त्याऐवजी एक कर्ण टाकून जागेचे दोन त्रिकोण करा, समोरच्या कोपऱ्यांतून कर्णावर लंब मोजा आणि प्रत्येक त्रिकोणाचा पाया गुणिले लंब भागिले दोन करून बेरीज घ्या. ८० फूट पाया आणि ४० फूट लंब असलेला त्रिकोण १,६०० चौरस फुटांचा, म्हणजे दीड गुंठ्याला थोडा कमी.

उतारावर टेप जमिनीला टेकवून धरू नका, आडवा ताणा. जमिनीचं क्षेत्र सपाटीवर धरतात. वीस अंशांच्या उतारावर जमिनीलगत मोजलेले ३३ फूट प्रत्यक्षात ३१ च असतात. मोबाइलवरच्या मोजणी ॲपचा भरवसा एकराला थोडाफार, गुंठ्याला अजिबात नाही: फोनचं स्थान चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं आणि गुंठ्याची बाजूच दहा मीटरची.

विकत घेण्याआधी

सातबारावरच्या एकूण क्षेत्रात पोटखराबा, म्हणजे लागवडीखाली नसलेली जागाही धरलेली असते. त्यातला वर्ग ‘ब’ रस्ता, ओढा अशा सार्वजनिक वापराचा, तेव्हा तो वजा करूनच गुंठ्याचा भाव लावा. टेपने काढलेला आकडा आणि सातबारा जुळत नसतील तर हद्द कायम मोजणीचा, म्हणजे सरकारी मोजणीने हद्द ठरवून घेण्याचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे तालुक्यात येतो, पनवेलचं कार्यालय मात्र रायगड जिल्ह्यात. मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाच्या ‘क’ प्रतीवर प्रत्यक्ष वहिवाटीची आणि अभिलेखाची अशा दोन्ही हद्दी दाखवलेल्या असतात. फरक असेल तर तो तिथेच दिसतो.

जागा शेतीची असून एक-दोन गुंठेच विकायला काढली असेल, तर मोजणीच्या खर्चात पडण्याआधी १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला आळा घालणाऱ्या) ती बसते का, हे दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्या. गुंठा इंचाइंचाला बरोबर भरला तरी दस्त नोंदवला जाईलच असं नाही.