ईमेल प्रोग्रॅम वारंवार बंद पडत असेल तर

संगणकावरील ईमेल प्रोग्रॅम सारखा बंद पडू लागला की बहुतेक जण तो काढून टाकून पुन्हा इन्स्टॉल करतात आणि तरीही त्रास कायम राहतो. प्रोग्रॅम काढला तरी त्याचे प्रोफाइल, म्हणजे खात्यांची सेटिंग्ज, अ‍ॅड-ऑन (नंतर जोडलेली पूरक साधने, आउटलुकमध्ये अ‍ॅड-इन), इंडेक्स (मेलची सूची) आणि साठवलेले मेल, सहसा जागच्या जागी राहते आणि बिघाड पुष्कळदा तिथेच असतो. म्हणून हा उपाय शेवटी ठेवावा.

कशालाही हात लावण्यापूर्वी बॅकअप घ्यावा. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून, तो मागे चालू नसल्याची टास्क मॅनेजरमध्ये खात्री करून, थंडरबर्डचे अख्खे प्रोफाइल फोल्डर किंवा आउटलुकच्या पीएसटी फाइल (यांत मेल साठवलेले असतात) दुसऱ्या डिस्कवर कॉपी कराव्यात. आउटलुकची ओएसटी फाइल ही सर्व्हरवरील मेलची स्थानिक प्रत असते, त्यामुळे ती सहसा पुन्हा तयार होते. पीएसटीचे तसे नाही, आणि पॉप पद्धतीच्या, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेणाऱ्या, खात्यातले जुने मेल तर अनेकदा फक्त याच संगणकावर असतात. ते एकदा गेले की परत मिळण्याची शाश्वती नसते, म्हणून ही पायरी कितीही घाई असली तरी गाळू नये.

त्यानंतर प्रोग्रॅम नेमका केव्हा बंद पडतो याकडे लक्ष द्यावे: सुरू होतानाच, एखादा ठरावीक मेल उघडताना, की शोध घेताना. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’ या लॉगमध्ये त्या वेळेची, इव्हेंट क्रमांक १००० असलेली नोंद सापडल्यास त्यातील ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ ही ओळ वाचावी. तिथे अँटिव्हायरसच्या किंवा अ‍ॅड-इनच्या फाइलचे नाव दिसले तर शोध बराच सोपा होतो. विंडोजच्याच एखाद्या फाइलचे नाव असेल, तर मात्र तेवढ्यावरून विंडोजला दोष देऊ नये, कारण चूक दुसऱ्याने केलेली असली तरी नाव त्या फाइलचे येऊ शकते.

आता प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये, म्हणजे अ‍ॅड-ऑनविना, उघडून पाहावा. क्लासिक, म्हणजे जुन्या स्वरूपाच्या, आउटलुकसाठी कंट्रोल की दाबून ठेवून आयकॉनवर क्लिक करावे. विंडोजवरील थंडरबर्डसाठी शिफ्ट की दाबून ठेवावी. या अवस्थेत तो नीट चालला, तर संशय मुख्यतः अ‍ॅड-ऑनवर जातो. सगळे अ‍ॅड-ऑन बंद करावेत आणि एकेक सुरू करत, प्रत्येक वेळी प्रोग्रॅम पुन्हा उघडून पाहावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण दोन-तीन अ‍ॅड-ऑन एकदम सुरू केले तर दोषी कोण हे कळत नाही. थंडरबर्डचा हा मोड ग्राफिक्स चिपची मदत घेण्याची सोय, म्हणजे हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही बंद ठेवतो, त्यामुळे अ‍ॅड-ऑन निर्दोष ठरल्यास ते सेटिंग कायमचे बंद करून पाहावे.

सेफ मोडमध्येही तेच घडत असेल, तर जुने प्रोफाइल तसेच ठेवून नवे तयार करावे. नव्या प्रोफाइलमध्ये सगळे सुरळीत चालले, तर प्रोग्रॅम निर्दोष आहे आणि बिघाड जुन्या सेटिंग्जमध्ये किंवा मेलच्या फाइलमध्ये आहे, हे स्पष्ट होते.

एखादे ठरावीक फोल्डर उघडताच प्रोग्रॅम बंद पडत असेल, तर थंडरबर्डमध्ये त्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रिपेअर फोल्डर’ वापरावे. त्याने मेल न हलवता इंडेक्स नव्याने तयार होतो. पीएसटीसाठी आउटलुकसोबत येणारे स्कॅनपीएसटी हे साधन आहे. ते आउटलुक बंद करून चालवावे आणि चुका सापडत असतील तोवर पुन्हा चालवावे. फाइलचा आकारही पाहावा: आउटलुक २०१० पासून पीएसटीची ठरवून दिलेली मर्यादा ५० जीबी आहे आणि तिच्या जवळ पोचलेल्या फाइलमधील जुने मेल वेगळ्या फाइलमध्ये हलवणेच योग्य. पीएसटी नेटवर्क ड्राइव्हवर ठेवलेली असल्यास ती संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर आणावी.

नवे प्रोफाइलही बंद पडत असेल, तरच प्रोग्रॅमकडे वळावे: आधी अपडेट, मग ऑफिसची ‘ऑनलाइन रिपेअर’ सुविधा किंवा री-इन्स्टॉल.