उंची मनगटी घड्याळ घरच्या घरी स्वच्छ कसे ठेवावे

रोज वापरात असलेले पोलादी चेनचे घड्याळ महिनाभराने कोमट साबणपाण्यात धरून त्यावर मऊ ब्रश फिरवला, की अर्ध्या मिनिटातच पांढऱ्या वाडग्यातले पाणी राखाडी होऊ लागते आणि बकलच्या बिजागरीतून काळसर, तेलकट गाळाची बारीक धार खाली उतरताना दिसते. मनगटावर असताना तेच घड्याळ अगदी चकचकीत वाटत असते. हा गाळ म्हणजे घाम, त्वचेचे तेल, मृत त्वचेचे कण आणि रस्त्यावरची धूळ यांचे मिश्रण असते. त्यातली धूळ सर्वांत घातक, कारण तिच्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, अतिसूक्ष्म कण असतात आणि क्वार्ट्झ पोलादापेक्षा कठीण आहे. गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवण्यासाठी तेलात कालवलेली खरखरीत पेस्ट वापरतात. तसलीच पेस्ट चेनच्या कड्या आणि त्यांना जोडणाऱ्या पिना यांच्यामध्ये दिवसभर काम करत राहते. काही वर्षांनी पिना झिजतात, कड्यांची भोके मोठी होतात आणि घड्याळ आडवे धरले की चेन झोळीसारखी खाली लोंबते. ही झीज घरी भरून काढता येत नाही. म्हणून घड्याळ धुण्याचा मुख्य हेतू चकाकी हा नसून, ही पेस्ट वेळच्या वेळी काढून टाकणे हा आहे, आणि ते काम पाणी, दोन थेंब साबण व मऊ ब्रश एवढ्यावर होते.

मात्र घड्याळ पाण्याजवळ नेण्यापूर्वी ते पाणी सोसणारे आहे का, हे ठरवावेच लागते. मागच्या झाकणावर किंवा तबकडीवर मीटर अथवा बार (दाबाचे एकक) या मापात एक आकडा लिहिलेला असतो. ३० मीटर किंवा ३ बार असे लिहिलेले घड्याळ घालून ३० मीटर खोल पाण्यात उतरता येते, असा पुष्कळांचा समज असतो, आणि तो महागात पडतो. हा आकडा नव्या घड्याळावर स्थिर दाब देऊन घेतलेल्या चाचणीशी जोडलेला असतो. व्यवहारात ३० मीटरचा अर्थ हात धुताना उडणारे शिंतोडे सोसणे, एवढाच धरावा. १०० मीटर किंवा त्याहून अधिक क्षमतेचे, स्क्रूने आवळून बंद होणाऱ्या किल्लीचे (किल्ली म्हणजे वेळ लावण्यासाठी बाजूला असलेली फिरकी) आणि वेळेवर सर्व्हिसिंग झालेले घड्याळ घरी निर्धास्तपणे धुता येते. ५० मीटरच्या घड्याळाबाबत मी स्वतः सावध राहतो आणि ते बुडवण्याऐवजी ओलसर कापडाने पुसतो. झाकण, काच आणि किल्ली यांच्याशी बसवलेले रबरी वॉशर वयानुसार कडक होतात, उष्णतेने व रसायनांनी लवकर खराब होतात, त्यामुळे आकडा कोरलेला तसाच राहतो आणि घड्याळाची क्षमता मात्र कमी होत जाते. बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदा दाबाची तपासणी करून घ्यायला सांगतात, ते याचसाठी.

माझ्याकडे वडिलांचे १९६०च्या दशकातले ओमेगा सीमास्टर आहे. त्याच्या नावातच समुद्र आहे. पण इतक्या जुन्या घड्याळाच्या जलरोधकतेवर विसंबणे योग्य नाही, म्हणून त्याला मी पाण्याचा थेंबही लागू देत नाही. जुनी घड्याळे, काच तडकलेली घड्याळे, किल्ली ढिली झालेली घड्याळे आणि चामडी पट्ट्याची औपचारिक प्रसंगी वापरायची पातळ घड्याळे ही सगळी कोरड्या कापडाच्या वर्गातली समजावीत.

आता प्रत्यक्ष धुण्याची रीत. सर्वप्रथम किल्ली बंद आहे याची खात्री करावी. स्क्रूची किल्ली हलकेच आत दाबून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की आटे धरतात आणि ती टेकते. त्यापुढे जोर लावू नये, कारण आटे वाकडे बसले तर खर्च मोठा येतो. रोलेक्सने १९२६ साली ऑयस्टर या नावाने जे घड्याळ आणले, त्याचे मर्म झाकण, काचेभोवतीची कडा आणि किल्ली या तिन्ही ठिकाणच्या आट्यांत होते, आणि १९२७ साली मर्सिडीज ग्लिट्झ ही जलतरणपटू तेच घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीच्या थंडगार पाण्यात दहा तासांहून अधिक वेळ होती, तरी ते चालत राहिले. आटे न आवळलेली किल्ली म्हणजे पाण्याला उघडे ठेवलेले दार.

वाडगा बेसिनमध्ये घेण्यापेक्षा टेबलावर, जाड टॉवेल अंथरून त्यावर ठेवावा. साबण लागलेले घड्याळ हातातून निसटते, आणि सिरॅमिकच्या बेसिनवर पडलेल्या घड्याळाला पोचा येतो किंवा आतल्या यंत्राला धक्का बसतो. हातातली अंगठी काढून ठेवावी. पाणी इतके कोमट असावे की मनगटाच्या आतल्या बाजूला ना गार वाटावे ना गरम. अर्धा लिटर पाण्याला भांडी धुण्याच्या सौम्य, बिनवासाच्या द्रव साबणाचे किंवा लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब पुरतात. अंगाच्या साबणाच्या वडीने फटींमध्ये पांढरट थर बसतो, म्हणून ती टाळावी.

ब्रश फिरवण्यापूर्वी घड्याळ साध्या पाण्यातून एकदा काढावे, आणि ही पायरी गाळू नये. घड्याळावर धूळ असताना कोरड्या कापडाने घासले की त्या धुळीचे कणच पोलादावर ओरखडे काढतात. चेनच्या मधल्या, आरशासारखी चकाकी दिलेल्या कड्यांवर दिसणाऱ्या केसाएवढ्या रेषा बऱ्याचदा अशा पुसण्यातून आलेल्या असतात. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग साबण.

ब्रश लहान मुलांच्या दातांचा, अगदी मऊ केसांचा आणि याच कामासाठी राखून ठेवलेला असावा. सुरुवात बकलपासून करावी, कारण सर्वांत जास्त मळ तिथेच दडलेला असतो. बकल पूर्ण उघडून त्याच्या पात्यांच्या आतल्या बाजूला, बिजागरीत आणि खटक्याच्या स्प्रिंगांभोवती ब्रश फिरवावा. नंतर चेन बोटांवर उलटी वाकवावी, म्हणजे कड्यांमधल्या फटी उघडतात, आणि ब्रशचे केस त्या फटींच्या दिशेने आत जातील असे हलके टेकवत पुढे सरकावे. जोराची गरज नसते. केस फटीत शिरणे महत्त्वाचे. चेन जिथे घड्याळाच्या मुख्य भागाला मिळते तो कोपरा, मागच्या झाकणाभोवतीची खाच आणि किल्लीखालची जागा या तीन ठिकाणी थोडा अधिक वेळ द्यावा. तिथे साचलेल्या घामातले क्षार चांगल्या पोलादालाही खातात. उंची घड्याळांत सर्वसाधारणपणे ३१६एल आणि रोलेक्समध्ये ९०४एल जातीचे पोलाद वापरतात. दोन्ही गंजाला चिवटपणे तोंड देतात, पण हवा न लागणाऱ्या फटीत मीठ महिनोन्‌महिने ओले राहिले तर तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू शकतात, आणि ते झाकणाच्या वॉशरखाली पडले की जलरोधकता जाते. वाळलेला मळ हटत नसेल तर लाकडी दातकोरणे पाण्यात भिजवून मऊ करावे आणि त्याच्या टोकाने तो उचलावा. सुई, सेफ्टी पिन, ब्लेड यांपैकी काहीही घड्याळाजवळ आणू नये.

पाणबुड्यांच्या घड्याळाचे फिरते बेझल, म्हणजे काचेभोवतीचे कडे, पाण्यात असतानाच एक पूर्ण वळसा फिरवावे, म्हणजे त्याच्याखाली अडकलेली वाळू सुटते. स्टॉपवॉचची बटणे असलेल्या घड्याळात मात्र ओले असताना एकही बटण दाबू नये. पाण्याखाली दाबण्यासाठीच बनवलेली बटणे अपवादानेच आढळतात.

धुऊन झाल्यावर नळाच्या संथ धारेखाली साबण पूर्ण निघेपर्यंत घड्याळ फिरवत राहावे, कारण फटीत उरलेला साबण चिकट होऊन उलट अधिक धूळ धरतो. जोराची धार किंवा जेट स्प्रे वापरू नये. ज्यांच्या घरी बोअरवेलचे जड पाणी येते, त्यांनी शेवटचे खळबळणे फिल्टरच्या पाण्याने करावे, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग उमटतात. मग मायक्रोफायबरच्या कापडाने किंवा वापरून मऊ झालेल्या सुती धोतराच्या तुकड्याने न घासता पाणी टिपून घ्यावे, बकल उघडे ठेवून घड्याळ कोरड्या कापडावर पंख्याखाली दोन-तीन तास राहू द्यावे आणि पूर्ण वाळेपर्यंत किल्ली उघडू नये. उन्हात ठेवणे आणि हेअर ड्रायर लावणे, दोन्ही वर्ज्य.

काही गोष्टी आपल्याकडे सर्रास केल्या जातात, पण त्या करू नयेत. टूथपेस्ट, दातांची पावडर, खाण्याचा सोडा आणि तांब्या-पितळेची भांडी उजळण्याची पावडर या सगळ्यांत घासणारे कण असतात. लिंबू, चिंच आणि व्हिनेगर यांचे आम्ल सोन्याचा मुलामा दिलेल्या भागांना आणि रबराला सोसत नाही. सोन्याचे दागिने रिठ्याच्या गरम पाण्यात ठेवण्याची जुनी पद्धत दागिन्यांसाठी उत्तम आहे, परंतु सोन्याच्या घड्याळाला ती लावू नये, कारण त्याच्या पोटात तेल, वॉशर आणि यंत्र आहे. सराफाकडच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये संपूर्ण घड्याळ कधीही टाकू देऊ नये. सुटी काढलेली चेन तिथे चालते, तीही स्क्रू नंतर तपासून. गिझरच्या गरम पाण्याने अंघोळ करताना घड्याळ हातात ठेवणे हीदेखील तशीच वाईट सवय आहे, कारण उष्णतेने वॉशर आणि धातू कमी-अधिक प्रसरण पावतात आणि वाफेला वाट मिळू शकते.

पॉलिश आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी नुकसान सोसून शिकलो. वडिलांचे घड्याळ एका दुकानात केवळ साफ करायला दिले असताना तिथे ते विचारल्याशिवाय मशीनवर पॉलिश केले गेले. पट्टा अडकवण्यासाठी घड्याळाच्या धातूच्या कवचाला असलेल्या चार लगांच्या, म्हणजे शिंगांसारख्या टोकांच्या, कडा आधी बोटाला स्पष्ट लागत; परत आले तेव्हा त्या साबणाच्या झिजलेल्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. पॉलिशमध्ये धातू कमी होतो आणि गेलेला धातू परत येत नाही. सर्व्हिसिंगला देताना ‘पॉलिश करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. घरीही चकाकी आणणारे औषधी कापड मॅट रेषांच्या पृष्ठभागावर फिरवू नये, कारण तिथे चमकदार ठिपका उमटतो आणि रेषांची ठेवण मोडते.

काचेचा विचारही तिच्या जातीनुसार करावा लागतो. आजच्या बहुतेक उंची घड्याळांत नीलमणी काच, म्हणजे सफायर, असते. खनिजांची कठिणता सांगणाऱ्या मोस मापनात तिची कठिणता ९ आहे, त्यामुळे धुळीने तिच्यावर सहसा ओरखडा येत नाही, पण बाहेरून चढवलेला प्रतिबिंबरोधक थर असेल तर तो खरवडू शकतो. जुन्या घड्याळांत, तसेच ओमेगाच्या स्पीडमास्टर प्रोफेशनलच्या एका प्रकारात, ॲक्रिलिकची काच असते. तिच्यावर ओरखडे लवकर येतात आणि अल्कोहोलने तिला बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून हातावरचे सॅनिटायझर आणि अत्तर पूर्ण उडून गेल्यावरच असे घड्याळ घालावे.

चामडी पट्ट्याला पाणी हा उपाय नाही. रात्री घड्याळ काढल्यावर पट्ट्याची आतली बाजू कोरड्या कापडाने पुसून तो मोकळ्या हवेत सावलीत ठेवावा आणि घामाच्या दिवसांत तोच पट्टा सलग दोन दिवस वापरू नये. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबरदरम्यान कपाटात बंद केलेल्या चामड्यावर बुरशी हमखास येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळल्याने ती वाढते, तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून आठवड्यातून एकदा पट्टा बाहेर काढल्याने ती टळते. पावसाळ्याचे चार महिने माझ्या घड्याळांना रबरी किंवा कापडी पट्टे असतात, जे काढून साबणाने धुता येतात. पट्टा बदलताना लगांच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावावी, म्हणजे स्प्रिंग बार (पट्टा लगांमध्ये धरून ठेवणारी स्प्रिंगची पिन) काढायचे हत्यार घसरले तरी ओरखडा पडत नाही.

विसर्जनाच्या मिरवणुकीत आणि धुळवडीला उंची घड्याळ घरीच ठेवावे. तरीही गुलाल बसलाच, तर बोटाने पुसायला जाऊ नये. कॅमेऱ्याच्या लेन्सवरची धूळ उडवायच्या रबरी फुग्याने तो उडवावा आणि मग, घड्याळ पाणी सोसणारे असेल तरच, वाहत्या पाण्याने धुवावे. समुद्रात भिजलेले घड्याळ त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यातून काढावे. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी आणि देशावरच्या कोरड्या थंडीत दीड-दोन महिन्यांनी धुणे पुरेसे ठरते. रोज रात्रीचे पुसणे मात्र चुकवू नये.

धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर काचेच्या आतल्या बाजूने वाफ धरलेली दिसली, तर तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरून ठेवण्यात वेळ घालवू नये. वाफ दिसेनाशी झाली तरी ओलावा आतच राहतो आणि यंत्राचे पोलादी भाग काही दिवसांत गंजू लागतात. अशा वेळी किल्ली न उघडता, घड्याळ न तापवता, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावे आणि पाणी केव्हा व कसे लागले, विशेषतः ते खारे होते की गोडे, हे तिथे स्पष्ट सांगावे.