लोकपालांकडे तक्रार करताना

ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो कोणत्या सरकारचा नोकर आहे, हे आधी पाहावे. भ्रष्टाचाराच्या तक्रारी हाताळणाऱ्या लोकपालांचे अधिकारक्षेत्र केंद्रापुरते आहे. आजी-माजी पंतप्रधान, केंद्रीय मंत्री, खासदार, केंद्र सरकारचे गट अ ते ड मधील कर्मचारी आणि केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी त्यात येतात. तलाठ्याविरुद्धची किंवा पालिकेतील अभियंत्याविरुद्धची तक्रार तेथे चालत नाही. त्यासाठी महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने आलेले लोकायुक्त आहेत. आणि लाचेची मागणी प्रत्यक्ष सुरू असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांकच उपयोगाचा, कारण सापळा तो विभाग लावतो.

लोकपाल ही एक व्यक्ती नव्हे. अध्यक्ष आणि जास्तीत जास्त आठ सदस्य, त्यांपैकी निम्मे न्यायिक, अशी ही संस्था आहे. त्यांची निवड पंतप्रधान, लोकसभाध्यक्ष, लोकसभेतील विरोधी पक्षनेते, सरन्यायाधीश किंवा त्यांनी सुचवलेले न्यायाधीश आणि एक नामवंत विधिज्ञ यांची समिती करते. विरोधी पक्षनेतेपद रिकामे असल्याची सबब बरीच वर्षे पुरली; लोकपाल कायदा जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला, पण पहिले अध्यक्ष न्या. पिनाकी चंद्र घोष यांची नेमणूक व्हायला मार्च २०१९ उजाडले.

तक्रार २०२० च्या नियमांतील ठरावीक नमुन्यातच करावी लागते. सोबत ओळखीचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. निनावी अर्ज विचारात घेतला जात नाही. मात्र चौकशी किंवा तपास पूर्ण होईपर्यंत तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवले जाते. तक्रार साधारणपणे इंग्रजीत अपेक्षित असली, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेतली, म्हणजे मराठीतलीही, स्वीकारता येते. कथित गुन्हा सात वर्षांहून जुना नसावा. मजकुरात ‘तेथे सगळेच खातात’ असे मोघम विधान न करता कोणी, केव्हा, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या कागदावरून हे कळते, ते क्रमाने लिहावे, कारण संदिग्ध किंवा क्षुल्लक तक्रार प्राथमिक छाननीतच निकाली निघू शकते.

तक्रारीत तथ्य दिसल्यास लोकपाल स्वतःच्या चौकशी शाखेकडून किंवा अन्य यंत्रणेकडून, उदाहरणार्थ सीबीआयकडून, प्राथमिक चौकशी करवतात; कर्मचाऱ्यांची प्रकरणे केंद्रीय दक्षता आयोगाकडे जातात. ही चौकशी एरवी ९० दिवसांत संपावी, आणि कारणे नोंदवून आणखी ९० दिवस मिळू शकतात. त्यानंतर किमान तीन सदस्यांचे पीठ संबंधिताची बाजू ऐकून तपासाचा निर्णय घेते. तपासासाठी सहा महिने आहेत, पण ही मुदत पुन्हा पुन्हा वाढवता येते, हे तक्रारदाराने मनाशी धरून चालावे. खटला भरण्याची मंजुरी देण्याचा अधिकार लोकपालांकडेच आहे, आणि माझ्या मते या कायद्याचे खरे बळ त्यातच आहे.

पंतप्रधानांविरुद्धची तक्रार मात्र वेगळी हाताळली जाते: परराष्ट्र संबंध, अंतर्गत व बाह्य सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अणुऊर्जा आणि अवकाश हे विषय वगळलेले आहेत, आणि चौकशीसाठी पूर्ण पीठातील किमान दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते.

जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचे सिद्ध झाल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सद्भावनेने केलेल्या तक्रारीला ही शिक्षा लागू होत नाही.