फ्लॅटचं दार सजवायचंय? आधी टेप काढा

पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटना दारं दोन असतात. आतलं लाकडी आणि बाहेरचं जाळीचं, म्हणजे सेफ्टी डोअर. सकाळी हौसेनं बांधलेलं तोरण दुपारी एका बाजूनं लोंबतं, रांगोळी अर्धी पुसली जाते, नवं पायपुसणं अडकतं. या सगळ्यामागे बहुधा हे दुसरं दारच असतं. म्हणून तुळशीबागेत खरेदीला जाण्याआधी चार मापं लिहून घ्यावीत: चौकटीची बाहेरून बाहेर रुंदी, दाराची मोकळी उंची, दोन्ही दारांखालची फट, आणि सेफ्टी डोअर उघडताना त्याची कड फरशीवरून कुठवर फिरते. शेवटचं माप खडूनं आखूनच बघावं.

हूक कुठे आणि कसे

तोरण दोन दारांच्या मधे बांधू नये. आतलं दार आणि बाहेरची कडी यांच्यात ते चेंगरतं. चौकटीच्या खालच्या अंगाला बांधलं तर डोक्याला लागतं: मोकळी उंची पावणेसात फूट, त्यातून आठ इंची पान आणि दोन-तीन इंचांचा झोल वजा केला की उरतात पावणेसहा फूट आणि वर इंचभर. शिवाय बाहेर उघडणारं सेफ्टी डोअर प्रत्येक वेळी पानांना धडक देतं ते वेगळंच. पानांची टोकं त्या दाराच्या वरच्या कडेखाली उतरली नाहीत म्हणजे झालं. त्यासाठी हूक चौकटीच्या वर, भिंतीत पाच-सहा इंचांवर घ्यावेत. दोन टोकांना दोन आणि मधे तिसरा. मधला हूक बहुतेक जण टाळतात आणि मग झोल वाढतो.

दारावर काँक्रीटची लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते. साध्या ड्रिलनं तिथे बिट नुसतं तापतं, भोक पुढे सरकत नाही. हॅमर ड्रिल, ६ मिमीचं काँक्रीटचं बिट, तेवढ्याच मापाची गिट्टी (भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी) आणि दीड इंची आटे असलेला हूक एवढं लागतं. बोहरी आळीत सगळं सुटं मिळतं. दाराशेजारची भिंत मात्र नव्या इमारतींत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची असू शकते. ड्रिलमधून पांढरा, मऊ भुगा आला की ओळखावं. तिथे हॅमर बंद करून भोक पाडायचं आणि लांब गिट्टी वापरायची, नाहीतर ती भोकात गरागरा फिरते. चिकटवायचे हूक लॅमिनेटवर किंवा ऑइल पेंटवर टिकतात. डिस्टेंपरवर लावले तर हूक पडतो आणि सोबत रंगाचा पोपडाही घेऊन येतो. लावायचेच असतील तर जागा स्पिरिटनं पुसावी, हूक दाबून चिकटवावा आणि वजन दुसऱ्या दिवशी द्यावं.

ताजं तोरण

बेचाळीस इंची चौकटीसाठी आंब्याची ११ पानं आणि झेंडूची मध्यम आकाराची २४ फुलं लागतात. खराब निघणारी धरून पाव किलो झेंडूत भागतं. दोरी पाच फूट घ्यावी, म्हणजे दोन्हीकडे गाठीला पुरते. साधा सुती दोरा ओल्या फुलांच्या वजनानं ताणतो. बारीक नायलॉनची दोरी बरी.

फुलं मार्केट यार्डातून आणा नाहीतर मंडईतून, पण कोरडी बघून आणा. दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस असतो आणि भिजलेला झेंडू वजनाला भरतो. वरून टवटवीत दिसला तरी पाकळ्यांच्या बुडाशी पाणी साठलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी फूल मधूनच काळं पडतं. फूल उलटं धरून हलकं दाबावं. बोटाला पाणी लागलं तर ते घेऊ नये.

पानं आठ इंचांच्या आसपासची, एका मापाची निवडावीत. कोवळी तांबूस पानं दुपारपर्यंत मान टाकतात. गडद हिरवी, जून पानं घ्यावीत. ओल्या फडक्यानं पुसून देठाकडचा इंचभर भाग दोरीवरून मागे दुमडायचा आणि हिराच्या काडीनं टोचून पक्का करायचा. स्टेपलर सोपा वाटतो, पण पान वाळलं की पिना गळून पायपुसण्यात पडतात आणि अनवाणी पायाला सापडतात.

फूल ओवताना सुई देठाच्या हिरव्या गोंडीतून घालून फुलाच्या मध्यातून बाहेर काढावी. नुसत्या पाकळ्यांतून गेली तर संध्याकाळपर्यंत फूल विस्कटून खाली येतं. दोन पानांमधे दोन फुलं, हिरवे भाग एकमेकांना टेकवून, म्हणजे देठ दिसत नाहीत आणि दोन्हीकडून फुलंच दिसतात. पहिल्या पानाआधी आणि शेवटच्या पानानंतरही अशीच एकेक जोडी. आदल्या रात्री करून ठेवायचं असेल तर ओलसर, पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. वाळलेलं तोरण उतरवलं की फुलं-पानं ओल्या कचऱ्यात, नायलॉनची दोरी सुक्यात.

मोत्यांचं किंवा क्रोशाचं तोरण घेताना पिशवीवरच्या मापावर विसंबू नये, दुकानात टेपनं मोजावं.

रांगोळी आणि पायपुसणं

खडूनं आखलेल्या कमानीच्या आत रांगोळी काढली तर दार ती झाडून नेणार. कमानीबाहेर, भिंतीलगत दीड फूट चौरसाची जागा पुरते. व्हिट्रिफाइड टाइलवर रांगोळी नीट धरत नाही, पंख्याच्या वाऱ्यानंही सरकते. तिथे गेरूचा हात द्यावा: पाव वाटी गेरू, त्यात अर्धा चमचा फेविकॉल आणि सरसरीत होईल इतकं पाणी. पातळ थर, पूर्ण वाळल्यावरच रांगोळी. थर जाड झाला की त्याच्या खपल्या निघतात. उंबऱ्यावर हळद लावत असाल आणि उंबरा पांढऱ्या मार्बलचा असेल, तर लगेच पुसावी. मुरली की डाग सहजी जात नाही.

काथ्याचं जाड पायपुसणं बाहेर, कमानीपलीकडे. आत पातळ सुती, दाराखालच्या फटीपेक्षा कमी जाडीचं.

चपलांचं कपाट

पॅसेज सोसायटीचा असतो आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच, त्यामुळे कपाट आतच. पुरुषांचे बूट आडव्या फळीवर ठेवायचे तर खोली १३ इंच हवी. एवढी जागा नसेल तर पुढे कलणाऱ्या कप्प्यांचं कपाट आठ-नऊ इंचांत बसतं. दोन फळ्यांत सात इंच अंतर ठेवावं. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) टाळावं, फरशी पुसताना लागलेल्या पाण्यानं ते खालून फुगतं. वॉटरप्रूफ प्लाय, खाली चार इंची पीव्हीसीचे पाय आणि झडपांची दारं. बंद कपाटात पावसाळी चपला ठेवल्या की आठवडाभरात बुरशी येते.

पाटी आणि दिवा

पाटीवरचा विनोद ज्यानं त्यानं बघावा, पण अक्षरं किमान इंचभर उंच असावीत आणि दोन ओळींत वेलांट्या-उकारांना जागा सोडावी. पाटीचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर. पितळी पाटीवर लॅकर, म्हणजे पारदर्शक थर असेल तर चिंचेनं घासू नये, लॅकर जागोजागी निघून ठिपके पडतात.

पाटीवर पाच वॅटचा, ३००० केल्व्हिनचा उबदार दिवा पुरतो. तपकीर गल्लीत फिटिंग स्वस्त मिळते, वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच. कारण बेलच्या बटणापाशी बहुधा फेज आणि रिटर्न एवढ्याच वायरी येतात, न्यूट्रल नसतो. तिथून दिवा जोडायला गेलं तर तो लागत तरी नाही किंवा बेल वाजत राहते. न्यूट्रल आतून ओढून घ्यावा लागतो.

कुंड्या आणि उरळी

ऊन नसलेल्या पॅसेजमध्ये तुळस महिनाभरही धड राहत नाही. तिथे स्नेक प्लांट किंवा मनी प्लांट. उरळीत, म्हणजे पसरट भांड्यात, पाणी आणि फुलं ठेवायची तर पाणी रोज बदलावं आणि भांडं दोन-तीन दिवसांनी आतून घासावं. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या वरच्या काठाला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. कुंड्यांखालच्या बशांनाही हेच लागू. रोजचं जमणार नसेल तर उरळी पालथी घालून ठेवावी आणि सणापुरती काढावी.